खंड्याच्या गोळ्या आणि आईचा नवस

«खंड्या आमच्याकडे १२ वर्षांपासून आहे. बाबांनी जेजुरीहून परतताना एका धाब्यामागून उचलून आणलेलं पिल्लू, म्हणून नावही त्यांनीच ठेवलं. चार वर्षांपूर्वी बाबा स्वादुपिंडाच्या कॅन्सरने गेले. त्या आजारपणात आईने नवस बोलायला एकही देव शिल्लक ठेवला नव्हता. ते गेल्यावर तिने देवघराचा पडदा ओढला तो ओढलाच. मी शाळेत विज्ञान शिकवते, देवाधर्माचं मला फारसं नाही, तरी तो पडदा पाहून मला गलबलून यायचं.

गेल्या महिन्यात खंड्याने खाणं सोडलं. ताप, लटपटणारे पाय, आणि एका सकाळी नाकातून रक्त. डॉक्टरांनी गोचीड ताप सांगितला. प्लेटलेट ३८ हजार. सलाईन झालं, इंजेक्शनं झाली, मग २८ दिवसांच्या गोळ्या दिल्या. त्या पहिल्या रात्री आईने पडदा बाजूला केला आणि खंडोबाला नवस बोलली : खंड्या उठू दे, त्याला घेऊन गडावर येईन, भंडारा उधळीन. चौथ्या दिवशी त्याने भाकरी खाल्ली. बाराव्या दिवशी प्लेटलेट १ लाख ७० हजार. आई म्हणाली, ‘या वेळी मी अगदी मनापासून मागितलं होतं.’

आता ती गोळ्या देऊ देत नाही. ‘देवाने बरा केलाय, मग पोटात विष कशाला?’ गोळीने त्याला उलटी होते हेही खरं आहे. दोन दिवस गोळी चुकली आहे. चंपाषष्ठीला त्याला जेजुरीला न्यायचं तिने ठरवलंय. औषधाने बरा झाला असं मी म्हटलं की ती रडते. मला तिची श्रद्धा मोडायची नाही आणि खंड्यालाही गमवायचं नाही. आणखी एक गोष्ट कुणाला सांगितलेली नाही. दवाखान्याच्या बाकावर मीही हात जोडले होते. त्याची मला लाज वाटते.»
– एक लेक, सातारा जिल्हा

ताई,

गोळ्यांबद्दलचा दोन ओळींचा निरोप तुमचं पत्र आलं त्याच संध्याकाळी धाडला होता, कारण ती गोष्ट सदराच्या दिवसापर्यंत थांबण्यासारखी नव्हती. इतरांसाठी तो इथे पुन्हा लिहिते. डॉक्टरांना आजच फोन करा, किती गोळ्या चुकल्या ते खरं सांगा आणि ते म्हणतील तशा पुढे सुरू करा. चुकलेल्या गोळ्या एकदम देऊन भरपाई करायची नाही.

मी इतकी घाई का केली, ते सांगते. गोचीड ताप म्हणतो तो बहुतेक वेळा एर्लिकिया नावाच्या जिवाणूमुळे येतो. गोचीड रक्त पिताना तो कुत्र्याच्या अंगात सोडते. तो पांढऱ्या पेशींच्या आत शिरून बसतो, आणि त्याच्याशी झुंजताना शरीर स्वतःच्याच प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, मोडू लागतं. निरोगी कुत्र्याच्या रक्तात त्या साधारण दोन ते पाच लाख असतात. खंड्याच्या ३८ हजारांवर आल्या, म्हणून नाकातून रक्त आलं. या तापावर देतात ते डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक सुरू केलं की दोन-चार दिवसांत ताप उतरतो, कुत्रं भाकरीकडे मान वळवतं, शेपूट हलवतं. घरातल्या माणसांच्या डोळ्यांत पाणी येतं.

घात होतो तो याच टप्प्यावर. जिवाणू अजून पुरता गेलेला नसतो. औषध मध्येच सोडलं तर तो प्लीहेत दडी मारून बसू शकतो, आणि कुत्रं महिनोन्‌महिने, कधी काही वर्षंही, अगदी ठणठणीत दिसतं. पुढे तो पुन्हा डोकं वर काढतो तेव्हा काहींच्या अस्थिमज्जेपर्यंत पोचलेला असतो, आणि रक्त तयार होण्याचं कामच मंदावतं. तिथून परत आणणं फार कठीण. शिवाय खंड्याचा १ लाख ७० हजारांचा आकडा सुखावणारा असला तरी तो अजून दोन लाखांच्या खाली आहे, हेही लक्षात घ्या.

हे मी पुस्तकातून उचललेलं नाही. आमच्या राणीच्या गोळ्या मी दहाव्या दिवशी थांबवल्या होत्या. ती अंगणात उड्या मारत होती, गोळी पाहिली की खाटेखाली जाऊन बसायची, आणि मला तिचा कळवळा आला. सात महिन्यांनी तिच्या हिरड्या कागदासारख्या पांढऱ्या पडल्या. त्या वेळी ती वाचली नाही. तिच्यावर माझा जीव होता आणि त्याच जिवाने मी ती चूक केली, म्हणून तुमच्या आईंचं मला नीट कळतं. गोळीला विष म्हणणाऱ्या बाईला ते जनावर नकोसं झालेलं नसतं. तिला त्याचे हाल बघवत नसतात.

तेव्हा आधी उलटीचं बघा. तुम्ही लिहिलेलं नाही, पण माझी जवळजवळ खात्री आहे की गोळी कुस्करून दूध-भाकरीत दिली जातेय. आपल्याकडे बहुतेक घरांत तसंच देतात. डॉक्सीसायक्लिन दुधातून, दह्यातून देऊ नये, दुधातल्या कॅल्शियममुळे ते अंगी कमी लागतं. उपाशीपोटीही नको, मळमळतं. आधी मऊ भात आणि उकडलेलं अंडं किंवा चिकन असं अर्धं जेवण द्या, मग उरलेल्या भाताच्या गोळ्यात गोळी लपवून द्या, आणि वर पाणी पाजा. गोळी कोरडी गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर आतून भाजल्यासारखं होतं, म्हणून पाणी महत्त्वाचं. एवढं करूनही उलटी थांबली नाही तर डॉक्टरांना सांगा, ते डोस विभागून देतील नाहीतर उलटीचं औषध जोडतील. घरातली माणसांची तापाची किंवा अंगदुखीची गोळी त्याला चुकूनही देऊ नका. आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी कुत्र्याच्या पोटात रक्तस्राव होतो, मूत्रपिंडं जातात.

आता आईंकडे येते. तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी चार-पाचदा वाचलं. «या वेळी मी अगदी मनापासून मागितलं होतं.»

ताई, या वाक्यातले «या वेळी» हे शब्द तुम्हाला ऐकू आले का? «या वेळी» म्हणजे मागच्या वेळी नाही. मागच्या वेळी, तुमच्या बाबांसाठी मागताना, आपलं काहीतरी कमी पडलं, असं त्या चार वर्षं मनात धरून बसल्या आहेत. मन तेवढं लागलं नसेल, एखादा उपास मोडला असेल, एखाद्या देवाचं राहून गेलं असेल. पडदा ओढला तो देवावर रुसून, असं तुम्हाला वाटलं असणार. मला वाटतं त्या देवासमोर उभं राहायला कचरत होत्या. आणि आता खंड्या उठल्यावर हिशेब त्यांना लागल्यासारखा वाटतोय : नीट मागितलं की मिळतं. मग नवऱ्यासाठी आपण नीट मागितलं नव्हतं, हे त्यातून आपोआपच निघतं. एवढं ओझं घेऊन ती माउली जेजुरीला निघाली आहे.

म्हणून «औषधाने बरा झाला» हे वाक्य तुम्ही जरूर बोला, पण जिंकायला बोलू नका. आईंना त्या ओझ्यातून सोडवायला बोला. त्यांच्याजवळ बसा आणि सांगा, «आई, खंड्याच्या आजारावर गोळी होती. बाबांच्या आजारावर तेव्हा तशी गोळी नव्हती. तू दोघांसाठी सारखंच मागितलंस.» स्वादुपिंडाचा कॅन्सर पोटात खोल, मागच्या बाजूला वाढतो, सुरुवातीला फारसा दुखत नाही, आणि बहुतेकांना कळतं तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यांच्या प्रार्थनेत उणं काहीच नव्हतं. विज्ञानाची शिक्षिका म्हणून हे त्यांना तुम्हीच सांगू शकता, आणि तुमच्याइतकं नीट दुसरं कुणी सांगू शकणार नाही. तुमच्या विषयाचा घरात याहून चांगला उपयोग मला सुचत नाही.

देव कुणाचं ऐकतो आणि कुणाचं नाही, या प्रश्नात मी शिरणार नाही. मी स्वतः रोज दिवा लावते. राणी गेली त्या संध्याकाळीही लावला होता, हात थरथरत होता तरी. पण माझ्या दिव्याचा आणि तिच्या प्लेटलेटचा हिशेब मी एका वहीत मांडला असता, तर दुसऱ्या दिवसापासून मला दिवा लावता आला नसता. आईंच्या बाबतीत हीच भीती आहे. खंड्या १२ वर्षांचा आहे. हा ताप जाईल, पण पुढच्या वर्षी गुडघे, मूत्रपिंड, हृदय, काहीतरी कुरकुरणारच. त्या वेळी तो उठला नाही तर आईंनी पुन्हा पडदा ओढू नये, यासाठी जे करायचं ते आत्ता, तो अंगणात हिंडतोय तोवर करायला हवं.

एक साधी गोष्ट करून पाहा. गोळ्यांची पाकिटं फ्रिजवरून उचला आणि आईंच्या हातात द्या. देवघरात टाकाशेजारी ठेवायची असतील तर ठेवू देत. सांजवात झाली की गोळी त्यांनीच द्यायची. देवाने सांगितलंय वगैरे काही रचून सांगू नका, आईंशी खोटं नको. एवढंच म्हणा की तू त्याच्यासाठी नवस बोललीस, तर २८ दिवस तूच पुरे कर. पत्रातल्या तारखा मी जुळवून पाहिल्या. आता खंड पडू दिला नाही तर गोळ्या चंपाषष्ठीच्या चार-पाच दिवस आधी संपतात, चुकलेले दोन दिवस धरूनही. मग पुन्हा रक्त तपासून घ्या, प्लेटलेटबरोबर हिमोग्लोबिन आणि मूत्रपिंडांचं काम कळतं ते क्रिएटिनिनही बघा. एर्लिकियाची अँटिबॉडीची तपासणी मात्र बरं झाल्यावरही कित्येक महिने पॉझिटिव्ह येऊ शकते, ती पाहून घाबरू नका.

जेजुरीला खंड्याला न्यायचं का? चंपाषष्ठीला नाही. एवढ्या गर्दीत, ढोल-ताशांत, दगडी पायऱ्यांवर म्हाताऱ्या, नुकत्या आजारातून उठलेल्या कुत्र्याचा जीव घाबरा होईल. उधळलेला भंडारा नाकाडोळ्यांत जाईल. पण आईंना नुसतं नाही म्हणू नका, कारण या देवाकडे कुत्र्याला घेऊन जावंसं वाटणं किती स्वाभाविक आहे बघा. तुमच्या देवघरातला टाक एकदा उजेडात धरून पाहा. घोड्यावर बसलेल्या खंडोबाच्या पायाशी अनेक टाकांवर कुत्रा कोरलेला असतो. खंडोबाचे वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवून घेत आले, पूर्वी तर भुंकून कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षेच्या लाकडी पात्रातलं, अन्न खात. देवाच्या दारातला कुत्रा होणं हाच ज्या परंपरेत मान आहे, तिथे आईंनी खंड्याचं गाऱ्हाणं नेलं यात वेडगळ काहीही नाही.

गोळ्या संपल्या, डॉक्टरांनी हो म्हटलं, की पौष-माघात एखाद्या साध्या वारी, रविवार, पौर्णिमा आणि अमावास्या टाळून, पहाटे गाडीने जा. खंड्या तुमच्यासोबत खाली पहिल्या पायरीपाशी बसेल, आई वर जाऊन येतील. गडाच्या दारात तो आला, नवस फिटला. कुणी शंका काढलीच तर आईंनी गडावरच्या गुरवांना विचारावं, म्हणजे मनाला रुखरुख राहणार नाही.

आणि चंपाषष्ठीला घरीच करा. इथे मात्र एक गोष्ट फार जपून. त्या दिवशीचा नैवेद्य म्हणजे बाजरीचा रोडगा आणि वांग्याचं भरीत. चातुर्मासात सोडलेला कांदा, लसूण, वांगं बऱ्याच घरांत त्या दिवशी पुन्हा सुरू होतं, भरितात कांद्याची पात सढळ हाताने पडते, आणि नैवेद्याचा घास कुत्र्याला घालायची रीत आहे. कांदा आणि लसूण, कच्चा असो की शिजवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. खंड्याचं रक्त आधीच उणं झालंय. त्याच्या वाटणीचं वांगं नुसतं भाजून, बिनकांद्या-लसणाचं, बिनतिखटाचं, पात घालण्यापूर्वी बाजूला काढा आणि रोडग्याच्या तुकड्याबरोबर द्या. गल्लीतल्या कुत्र्यांनाही तसंच घाला, त्यांचा तरी काय दोष? लाडवात मनुका-बेदाणे असतील तर तेही नकोत, द्राक्षांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. हे आईंना कारणासकट सांगा. ज्या बाईने १२ वर्षं त्याला भरवलंय तिला हे सांगायला वेळ लागणार नाही.

गोचीडांचंही त्याच आठवड्यात उरका. एक मादी गळून पडली की भिंतीच्या भेगेत, चौकटीमागे हजारोंनी अंडी घालते, आणि गोळ्या घेतल्याने पुढच्या चाव्यापासून संरक्षण मिळत नाही. खंड्या झोपतो त्या कोपऱ्यातल्या फटी सिमेंटने बुजवा, त्याचं पोतं उकळत्या पाण्यातून काढा, आणि गोचीडनाशक गोळी की मानेवर टाकायचं औषध, ते त्याचं वय आणि वजन बघून डॉक्टरांना ठरवू द्या. अंगावर सापडलेली गोचीड बोटांनी चिरडू नका. रोज सकाळी त्याचा ओठ वर करून हिरडी बघायची सवय लावा. गुलाबी असली तर ठीक. फिकट पडली, लाल ठिपके दिसले, शौच डांबरासारखं काळं झालं, किंवा एक दिवस त्याने अन्नाला तोंड लावलं नाही, तर आईंशी चर्चा न करता दवाखाना गाठा.

आता तुमच्या जोडलेल्या हातांचं. ताई, दवाखान्याच्या त्या बाकावर तुम्ही कुणाची फसवणूक केली नाहीत. आत सुई टोचत होती, बाहेर तुमच्या हातांना करायला काही उरलं नव्हतं. मुलांना तुम्ही जिवाणू शिकवता, प्लेटलेट शिकवता, त्यातलं एकही अक्षर त्यामुळे खोटं ठरत नाही. देव आहे की नाही हे तुम्हाला या वयात, या पत्राच्या उत्तरात ठरवायची गरज नाही. पण हे गुपित फार दिवस ठेवू नका, कारण ते ऐकायचा खरा हक्क आईंचा आहे. त्या समजतात की या घरात मागणारं माणूस एकट्या त्याच आहेत. «तुला काय कळणार» असं त्या म्हणत असतील तर ते त्या एकटेपणातून. त्यांना सांगा की त्या रात्री तुम्ही दोघींनी मागितलं होतं, तुम्ही बाकावर, त्यांनी पडदा बाजूला सारून.

तुम्ही लिहिलं नाहीत, पण तुमच्या घरी चंपाषष्ठीला तळी बाबाच भरत असणार. ताम्हनात विड्याची पानं, सुपारी, खोबरं, भंडारा, आणि पाच जणांनी मिळून ती उचलायची. चार वर्षं ती भरली गेली नसेल. यंदा शेजारच्या तीन घरांतून एकेक माणूस बोलवा. बऱ्याच घरांत ती पुरुषच उचलतात. तुमच्याकडे तसं असलं तरी उरलेल्या दोन बाजू आईंनी आणि तुम्ही धरा. खंड्याला दारातल्या त्याच्या पोत्यावर बसू द्या, भंडारा त्याच्यापासून लांब उधळा, आणि कपाळावर लावायचाच असेल तर बोटभर लावा, डोळ्यांच्या वर. येळकोट म्हणताना तुमचा आवाज फुटला नाही तरी चालेल. ताम्हन सोडू नका.